चंद्रावतीचा गुडघा

कोरगावच्या चंद्रावतीचा गुडघा जन्मात कधी दुखला नव्हता. साठीला टेकली तरी काजूच्या बागेतला चढ ती एका दमात चढायची. तरीही यंदा अख्ख्या वाड्यावर त्याच गुडघ्याची चर्चा होती, आणि ती आवई दुसऱ्या कोणी नव्हे, तिनं स्वतःच उठवली होती.

खरं दुखणं निराळंच. नवरा कृष्णनाथ गेला, दिवस झाले, पाहुणे पांगले आणि चंद्रावतीची झोप उडाली ती उडालीच. जेवण गोड लागेना. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू ऐकून ती पिशवी घेऊन दारात यायची, पोदेर सायकल थांबवायचा, आणि किती पाव हवेत हेच तिला सुचायचं नाही. तो बिचारा वाट बघून पुढं जायचा. घरात मुलगा दत्तप्रसाद होता, सून सुविधा होती, पण एक फॅक्टरीच्या पाळीत आणि दुसरी संसारात. भरल्या घरात ती एकटी पडली होती.

शेवटी तिनं मनाशी ठरवलं, डॉक्टरला दाखवायचं. एकटीच म्हापशाला जाऊन एका खाजगी दवाखान्यात चौकशी केली. तिथल्या मुलीनं मान वर न करता सांगितलं, सरकारी विम्याचं कार्ड इथं चालत नाही. मग गावच्या आरोग्य केंद्रातल्या क्षमा नर्सबाईंनी हळूच कानावर घातलं, की डिचोलीत एका इस्पितळात मनाचे डॉक्टर बसतात आणि ते कार्ड घेतात. चंद्रावतीला बरं वाटलं. पण कार्ड सगळ्या कुटुंबाचं एकच, आणि ते सुविधाच्या कपाटात. कार्ड मागायचं तर कारण सांगायला हवं. मनाच्या डॉक्टरकडे जाते म्हणावं तर उद्या गावभर होईल, कृष्णनाथाची बायल पिशी झाली, डोकं फिरलं तिचं. म्हणून तिच्या तोंडून निघून गेलं, "गुडघो दुखता गो."

झालं! शेजारची कमलाक्षी निरगुडीचा पाला घेऊन हजर. कोणी तेल दिलं, कोणी पट्टा. दत्तप्रसादनं तर देवळात गाऱ्हाणं घालून घेतलं. गुरवानं खड्या आवाजात देवाला सांगितलं, "महाराजा, ह्या लेकराच्या गुडघ्याची पीडा दूर कर." चंद्रावती हात जोडून उभी होती. आता देवाकडेही चुकीचीच तक्रार गेली होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. इतकी माया तिला कृष्णनाथ गेल्यावरही मिळाली नव्हती, आणि ती सगळी गुडघ्याच्या वाट्याला गेली.

कार्ड मिळालं, पण सुविधासकट. "अशा पायान एकटी खंय जातात? मी येतंय," ती म्हणाली, आणि कार्ड स्वतःच्या पर्समध्ये टाकून डिचोलीपर्यंत आली. इस्पितळात तिनं सासूला थेट हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, दाबला, ठोकून पाहिला.

"मावशी, ठणठणीत आहे. काही झालेलं नाही तुम्हाला."

सुविधाचा जीव भांड्यात पडला. बाहेर बाकावर येताच "आलंय हां" म्हणत चंद्रावती उठली आणि व्हरांड्याच्या टोकाला, मनाच्या डॉक्टरांच्या दाराशी गेली. तिथल्या नर्सनं कार्ड मागितलं. कार्डाशिवाय पुढं जाता येत नव्हतं. ती परत फिरली.

"सुविधा, कार्ड दी."

"कित्याक? डॉक्टरान बरां आसा म्हणून सांगलां मगे?"

"गुडघो दुखणा नाय गो. कधीच दुखलो नाय. माका न्हीद येणा नाय. जगूचां वाटणा नाय. त्या डॉक्टराक दाखवचां आसा."

इतके महिने गिळलेलं एका श्वासात बाहेर पडलं. आता सून हात धरील, असं तिला वाटलं. सुविधा वाईट नव्हती हो. पण तिनं आधी इकडं तिकडं पाहिलं, कोणी ऐकलं का म्हणून. मग पर्स उघडली, कार्ड काढलं आणि आवाज उतरवून म्हणाली, "जावा तुमी. मी हंयच बसतंय. आणि घराकडे गेल्यार गुडघोच सांगूया."

चंद्रावती कार्ड घेऊन दाराशी आली. नर्सनं ते पाहिलं, चालतं म्हणाली, आणि आपुलकीनं विचारलं, "बरोबर कोणी आहे का? डॉक्टर घरच्या माणसालाही आत बोलावतात."

चंद्रावतीनं मागं वळून पाहिलं. सुविधा बाकावर मोबाईलमध्ये मान घालून बसली होती.

"कोण नाय," ती म्हणाली आणि आत गेली.