अल मनखूलचं ढोल-ताशा पथक

पुणं सोडलं तेव्हा बॅगेत सगळ्यात शेवटी गेल्या त्या ताशाच्या काड्या. माझा नवरा महेश आधीच दुबईला नोकरीवर रुजू झाला होता. भाड्याचं घर मिळालं तसं त्याने मला बोलावून घेतलं आणि फोनवर मसाला, पापड, कुकरची रिंग असलं काही न सांगता फक्त "माझ्या काड्या आण" एवढंच सांगितलं. आईने त्या दोन वेताच्या काड्या हातात घेऊन बघितल्या. "तिकडे कोण वाजवू देणार आहे त्याला?" म्हणाली, आणि तरी तिनेच त्या माझ्या जुन्या ओढणीत गुंडाळून दिल्या. बाबा दारात उभे राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे." ऑगस्ट होता. मुंबईच्या विमानतळाकडे निघालेली गाडी नदीपात्राजवळून गेली तेव्हा तिथे कुठल्यातरी पथकाचा सराव सुरू होता. मी काच खाली केली नाही. एसी चालू होता, ड्रायव्हर चिडला असता.

त्या दोन वर्षांना आता बरीच वर्षं झाली. आमची मुलगी मृण्मयी इथेच जन्मली, इथेच अकरावीत गेली. पुण्यात राहिलेल्या माझ्या पथकातल्या मुलींनो, आणि माझ्यासारख्या मस्कत-दोहा-लंडनला पांगलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. महेश गेल्याचं कळल्यावर तुम्ही सगळ्यांनी एकच विचारलंत, आता परत येणार ना? त्याचं उत्तर मी कुणालाच दिलं नव्हतं.

आमची ओळख पथकातलीच, हे तुम्हाला माहीत आहे. मी ढोलावर, तो ताशावर. पथकात ताशा सांगतो आणि ढोल ऐकतो. लग्नानंतर हा नियम आमच्या घरात एक दिवसही चालला नाही. इथे आल्यावर पहिली काही वर्षं काड्या कपाटात पडून होत्या. मग राजेश भेटला. राजेश मूळचा नाशिकचा, अबुधाबीतल्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि स्वभावाने असा की चार मराठी माणसं एका लिफ्टमध्ये सापडली तर तो तिथेच मंडळ स्थापन करील. त्याने पथक काढलं. कुणाच्या तरी मालाच्या कंटेनरमधून ढोल आले. सरावाला गावाबाहेरच्या एका गोडाऊनची जागा मिळाली आणि महेशला ताशाप्रमुख केलं. मृण्मयीच्या वेळेपासून माझी कंबर धरलेली, त्यामुळे मी वाजवायचं सोडून बघायला लागले. आणि बघणाऱ्यांची मतं वाजवणाऱ्यांपेक्षा जास्त कडक असतात.

तर माझी मतं ऐका. पुण्यातल्या पथकांचे हल्लीचे व्हिडिओ मी सगळे बघते, आणि बघून चिडते. दीडशे-दोनशे ढोल लावतात. इतके ढोल लावले की मागच्या रांगेला ताशा ऐकूच जात नाही, मग मागचे पुढच्यांचे हात बघून वाजवतात आणि अर्धा ठोका उशिरा पडतात. गर्दीला ते कळत नाही, तिला नुसता दणका हवा असतो. त्यात नथी, गॉगल, वर फिरणारा ड्रोन. ढोल किती आहेत हे विचारूच नका, ताशे कसे आहेत ते बघा. चार ताशे जर एकजीव वाजत असतील तर वीस ढोल पुरतात. हे माझं मत नाही खरं तर, महेशचं आहे. पण आता ते मीच सांगायला हवं.

इथली पथकं त्या मानाने बरी. इथे कुणाला फुरसत नसते, म्हणून जेवढं वाजवतात तेवढं मन लावून वाजवतात. सुट्टीच्या दिवशी गोडाऊनमध्ये पत्रा तापलेला, बोटांना चिकटपट्ट्या, कमरेला दोरीचे वळ, आणि सोमवारी हीच माणसं इस्त्रीच्या शर्टात प्रेझेंटेशन देतात. पण इथल्या पोरांना एक गोष्ट येत नाही, चालणं. रस्त्यावर मिरवणूक नसतेच, परवानगी फक्त हॉलची. त्यामुळे सगळं वादन एका जागी उभं राहून. पुण्यात आम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत मांडीवर आदळणारा ढोल सांभाळत, पुढच्याच्या टाचेवर पाय न देता, रांग न मोडता चाललो. वाजवणं महिन्याभरात येतं, वाजवत चालायला दोन-तीन गणपती जावे लागतात. हे मी पथकात ढोल वाजवणाऱ्या मृण्मयीला सांगायला लागले की ती म्हणायची, "आई, नॉट अगेन."

जूनमध्ये महेश गेला. बदली होऊन गेला होता त्या अबुधाबीच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, खुर्चीत बसल्या बसल्या. राजेशची बँक त्याच इमारतीत, त्याचा फोन आला तेव्हा मी क्लिनिकमध्ये होते. मी बर दुबईतल्या एका क्लिनिकच्या बिलिंगमध्ये काम करते. फोन ठेवल्यावर मी समोरच्या पेशंटचं बिल पुरं केलं, त्याला शुक्रान म्हटलं आणि मग उठले. त्यानंतरचं सगळं असंच झालं. कागदपत्रं राजेशने केली. आम्ही महेशला पुण्याला नेलं, तेराव्यापर्यंत राहिलो आणि मृण्मयीची शाळा होती म्हणून परत आलो. रडू आलं नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. दातांच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल आपला नसतो तशी मी सगळीच माझी नव्हते. चहा गरम आहे की गार हे मला पिऊनही कळत नसे.

समोरच्या फ्लॅटमधल्या रुक्साना भाभी तेवढ्या मला धीराची म्हणाल्या नाहीत. त्या रत्नागिरीकडच्या, त्यांच्या मिस्टरांचा दुबईतल्या देरा भागात सुक्या मेव्याचा व्यवसाय आहे. रोज संध्याकाळी डबा घेऊन यायच्या आणि मी जेवेपर्यंत बसून राहायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "रडू येत नाय म्हणून घाबरू नको गो. येल तवा येल."

पुण्याहून दादाचा फोन दर रविवारी. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याचा कोथरूडचा दुसरा फ्लॅट रिकामाच होता. तो रंगवून घेतो, मृण्मयीच्या कॉलेजचं मी बघतो, तू फक्त ये, असं तो म्हणायचा. सासूबाईंचंही तेच म्हणणं. त्यात चुकीचं काही नव्हतं. इकडे माझी नोकरी होती, व्हिसा माझ्या नावावर करून घेता येत होता, म्हणजे राहायचं ठरवलं तर राहता येत होतं. पण राहायचं कशासाठी, हे मला सांगता येत नव्हतं. जायचं कशासाठी, तेही नाही. मृण्मयीला विचारलं तर ती म्हणाली, "यू डिसाइड, आई. आय कान्ट." दर रविवारी मी दादाला म्हणायचे, बघते. शेवटी तो म्हणाला की गणपतीच्या आधी काय ते नक्की सांग, कॉलेजवाले थांबायला तयार नाहीत.

महेश जायच्या आधीच पथकाचं गोडाऊन गेलं होतं. दुसरी जागा मिळेपर्यंत ढोल आमच्या हॉलमध्ये ठेवायचे असं महेशनेच मे महिन्यात कबूल केलं होतं. त्यामुळे तो गेल्यावरही ढोल तिथेच होते, भिंतीला लागून, खोळी घातलेले. टीव्ही बघायला बसलं की एकीकडे टीव्ही आणि एकीकडे ढोल. पथकातलं कुणी ते मागायला येईना. सराव बंदच होता.

गणपतीच्या आधी अबुधाबीत एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये इथल्या मराठी पथकांची स्पर्धा होते. राजेशचा फोन आला. पाच मिनिटं तो हवापाण्याचं बोलत राहिला, दुबईत ऑगस्टच्या हवेबद्दल बोलण्यासारखं असतं काय? मग म्हणाला, "वैशाली, ते ढोल... म्हणजे तुला कम्फर्टेबल असेल तर. नाहीतर आम्ही विड्रॉ करतो, काही इश्यू नाही."

मी म्हटलं, माझ्या हॉलमध्ये ते काय शोभेला ठेवलेत, घेऊन जा. त्याने मृण्मयीचं विचारलं. सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं की वर्षभर घरात सण नाही, वाद्याला हात नाही. मी मृण्मयीला तसं सांगितलं आणि ठरवायचं तिच्यावर सोडलं. ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा वुड हॅव प्लेड." मग तीही सरावाला जायला लागली. सराव कुणाच्या तरी हॉलमध्ये जुन्या टायरांवर झाला, ढोल इथूनच थेट स्पर्धेला जायचे होते.

स्पर्धेच्या शनिवारी सकाळी सगळे आले. मे महिन्यात ढोल वर आणले तेव्हा बर दुबईच्या अल मनखूल भागातल्या आमच्या या बिल्डिंगमध्ये केवढा गोंधळ होता. लिफ्ट धरा, यल्ला चला, चावी कुणाकडे आहे, खालून चार कडक चहा सांगा. त्या दिवशी कुणी मोठ्याने बोललं नाही. एकेक जण आत यायचा, मला नमस्कार करायचा आणि ढोल घेऊन जायचा. अबुधाबीला न्यायची बस आमच्या दाराशी लागत नाही, गल्लीच्या टोकाला वाळूचं पार्किंग आहे तिथे उभी करावी लागते. हातात ढोल नेले की मनगटं भरून येतात, म्हणून त्यांनी ते खाली नेऊन कमरेला बांधले. भिंत रिकामी झाली. मी मागून जाणार होते. केस विंचरता विंचरता खिडकीशी आले आणि खाली बघितलं.

मिरवणुकीत एक रीत असते, बघणाऱ्यांच्या ती सहसा लक्षात येत नाही. वाटेत दवाखाना आला, किंवा जिथलं कुणी नुकतंच गेलंय असं घर आलं, की पुढचा हात वर करतो आणि ताशा थांबतो. ढोलाचं टिपरू खाली. तळहात ढोलाच्या पानावर, म्हणजे ताणलेल्या चामड्यावर, कारण नुसतं चालतानाही ढोल घुमतो आणि तेवढंही घुमू द्यायचं नाही. टोलवाला आपली टोलाची थाळी छातीशी धरतो, ध्वज उतरतो. ते घर मागे पडेपर्यंत रांग न मोडता, न बोलता चालायचं. हे कुणी शिकवत नाही. पुढचा करतो तसं मागचा करतो. मी पुण्यात कितीतरी अनोळखी घरांपुढून तशी चालले आहे. वर बघायचं नाही असा संकेत असतो, त्यामुळे त्या खिडक्यांमधून कोण बघत होतं ते मला कधीच कळलं नाही.

खाली ते दोन रांगांत उभे होते. वाजवायचं तर नव्हतंच, गल्लीत वाजवलं असतं तर पहिल्याच ठोक्याला पोलीस आले असते. नुसतं बसपर्यंत जायचं होतं. राजेशने हात वर केला. सगळे तळहात पानांवर गेले, आणि ते निघाले. पुढे मधोमध, जिथे ताशाप्रमुख चालतो, तिथे एका माणसाची जागा मोकळी होती. दुसरी ताशेवाली नेहा त्या जागेच्या बाजूने चालत होती, तिच्यात शिरत नव्हती. पावलं एकसाथ पडत होती. ताल द्यायला काही नव्हतं, तरी पडत होती. किराणावाला मलबारी दाराबाहेर येऊन उभा राहिला. दुसऱ्या रांगेत मृण्मयी होती. आमच्या खिडकीखालून जाताना तिने वर बघितलं नाही.

मी कोपऱ्यापर्यंत बघत राहिले. मग केस बांधले आणि खाली जाऊन बसमध्ये बसले. नेहाने मला इडली दिली.

स्पर्धेचं म्हणाल तर आमचा दुसरा नंबर आला. बरोबरच आला. दुसरा हात, म्हणजे वादनातला दुसरा ताल, घाईत गेला, आणि शेवट रंगात येत होता तेवढ्यात हॉलचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, मॅनेजर घड्याळ दाखवत "खलास, हबीबी, खलास" म्हणत मधे आला. शारजावाल्यांचे ताशे खरोखर चांगले होते. मृण्मयीच्या ढोलाला वजन होतं, तिचा हात माझ्यासारखा आहे. मी टाळ्या वाजवल्या. आत मात्र काही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. दादाचा फोन आला आणि मी काही ठरवलेलं नसताना माझ्या तोंडून निघालं, "दादा, आम्ही इथेच राहतो."

त्याने मागचा टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "अगं, पण तिकडे आहे कोण तुझं?"

मी त्याला शनिवारचं सांगितलं. गल्लीचं, तळहातांचं, मोकळ्या जागेचं. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं की हे काय राहण्याचं कारण झालं का. तो माझ्या भल्याचंच बघत होता, म्हणून मला त्याचा राग आला नाही.

कारण झालं का, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही. पण दादाचा तो फ्लॅट मिरवणुकीच्या रस्त्यावर आहे. यंदाही त्याच्याखालून पथकं जातील. त्यातली काही चांगली वाजवणारी असतील आणि ती वाजवतच पुढे जातील, कारण त्या रस्त्यावर महेश कुणाला माहीत नाही आणि तो गेला हेही माहीत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. ज्या गल्लीला आमचा माणूस गेल्याचं ठाऊक आहे त्या गल्लीत राहावं, असं मला वाटलं. जूनपासून मला काही वाटलं ते एवढंच.