तितराची हाक

कौसल्याला तितराचा आवाज हुबेहूब काढता यायचा. लहानपणी शेळ्यांमागं फिरता फिरता ती ते शिकली होती. लग्नानंतर त्याचा काही उपयोग नव्हता. पण तीन वर्षांमागं जालन्यातलं सळयांच्या कारखान्यातलं काम बंद पडलं आणि तिचा नवरा संपत आपल्या कुंभार पिंपळगावाजवळच्या गावी येऊन बसला. रिकाम्या हातांना चाळा म्हणून त्यानं वेळूचं धनुष्य केलं, सायकलच्या तारा घासून बाणांना टोकं लावली.

"तू निस्ती हाक दे, बाकी मी पाहून घेतो," तो म्हणाला.

शिकारीला बंदी आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी फाल्गुनात रोज उजाडताच दोघं गायरानात बाभळीआड बसायची. आधी सगळंच चुकलं. कौसल्या घाईनं हाका मारायची, संपत लांबूनच बाण सोडायचा. हळूहळू उमगलं, की एक हाक देऊन गप्प बसायचं, नर आपल्या पायांनी येतो. दहा पावलांवर आल्याशिवाय दोरी ओढायची नाही. महिन्याभरात सहा तितरं घरी आली. लग्नाच्या अकरा वर्षांत नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून इतका वेळ कौसल्या कधी बसली नव्हती. तिला त्या सकाळी हव्याहव्याशा वाटायच्या.

सातव्या तितराच्या पंखात बाण रुतला आणि ते बाणासकट काटेरी झुडपांत घुसलं. दुपारपर्यंत हुडकलं, सापडलं नाही. निघताना मागं मादी ओरडू लागली. कौसल्या काढायची तीच हाक. थांबायची, परत ओरडायची.

"दे हाक. ही बी येईल," संपत म्हणाला.

"घसा बसला माझा."

दुसऱ्या दिवशीही तिनं तेच सांगितलं. संपत एकटा गेला, रिकामा आला. चौथ्या दिवशी चिडला, "माझ्यासंगं बसायचा कटाळा आला, असं सरळ सांग की!"

ती भाकरी थापत राहिली. पाखराचं वाईट वाटलं म्हणायची तिला लाज वाटली. आधीची सहा तिनंच तर शिजवली होती. आठवड्याभरात कारखान्यातून बोलावणं आलं आणि संपत जालन्याला निघून गेला. मग महिन्याकाठी एखादी चक्कर, तीही परक्यासारखी.

गेल्या दिवाळीत त्याला बसला सोडायला गेली, तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं.

संपतनं हातातली पिशवी खाली ठेवली. "दुसऱ्या दिशी मी शिकारीला न्हाई, त्या बाण लागल्याल्या पाखरालाच हुडकायला गेल्तो," तो म्हणाला. "तुला बोलायची हिंमत झाली न्हाई."

तेवढ्यात बस आली.