समुद्रघोड्याच्या बापाची पिशवी

फळ्यावर मी ‘समुद्रघोडा’ असं लिहिलं आणि मुलांना त्याचं चित्र काढायला सांगितलं. चौथीच्या त्या वर्गात बहुतेक पाणघोडेच निघाले, जाडजूड, जबडे उघडलेले. एकीनं तर खरा घोडा लाटांत उभा करून त्याला लगामही घातला. मला बरंच वाटलं. मुलांना काय माहीत नाही ते आधी कळलं, की पुढचं शिकवणं मला सोपं जातं.

आमची शाळा चिकलठाण्यात, कारखान्यांच्या मागच्या वस्तीत. या मुलांनी पाहिलेलं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे पैठणचं धरण. समुद्रघोडा बोटाएवढा असू शकतो आणि तो मासा आहे, हे कुणाला पटेना. मग मी खिडक्यांच्या गजांना सुतळ्या बांधल्या. सुतळी म्हणजे समुद्रातलं गवत, करंगळी म्हणजे शेपूट. करंगळीचा वेढा घालून उभं राहायचं आणि बाकीच्यांनी लाट होऊन खांद्यानं हलकेच ढकलायचं. या माशाला धड पोहता येत नाही, धरून राहणं हाच त्याचा उपाय, हे मला नंतर समजावून सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या शर्टांचे खिसे उसवून, त्यांना नाड्या लावून आणले. खिसे मुलांच्या पोटावर बांधले आणि मुलींच्या हातात मूठमूठ मूग दिले. मादी अंडी घालते ती नराच्या पिशवीत आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत नरच ती सांभाळतो, असं सांगितल्यावर वर्ग खदखदून हसला. मी हसू दिलं. पण मधल्या सुट्टीपर्यंत मूग सांडायचे नाहीत म्हटल्यावर सगळी मुलं पोटाला हात लावून, जपून चालू लागली.

त्यातला एक जण घरीही तसाच गेला.

सकाळी शाळा भरताना त्याचे वडील दारात उभे. रात्रपाळी करून कंपनीतून थेट आले होते, अंगावर अजून निळा गणवेश होता. आवाज चढवला नाही, पण राग लपत नव्हता.

“मॅडम, पोराला पोटुशी केलं म्हणं तुम्ही. गल्लीतली पोरं चिडवायलीत त्याला.”

मी माफी मागितली नाही. शिकवलं त्यात वावगं काही नव्हतं, याची मला खात्री होती. मी त्यांना आत बोलावलं, मागच्या बाकावर बसायला सांगितलं आणि त्यांच्या मुलाला पुढं उभं केलं. “काल काय शिकलास ते बाबांना सांग.”

तो आधी अडखळला, मग सुटलाच. पिल्लं कशी उभ्या उभ्या बाहेर पडतात, बापाचं पोट कसं आकसतं, सारं त्यानं अंग वाकवून करून दाखवलं. वडील बाकावर अंग चोरून बसले होते. ऐकता ऐकता पुढं सरकले.

“मग मादी काय करती?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “ती रोज सकाळी नराला भेटायला येते. दोघं शेजारी शेजारी पोहतात, रंग बदलतात. मग ती आपल्या वाटेनं जाते.”

“आमचं बी तसंच हाय,” ते म्हणाले. “मी रातपाळीवरनं येतो तवा ती दिवसपाळीला निघती. दारातच भेट. दिवसभर पोरांचं मीच बघतो.”

वर्गात कुणी हसलं नाही. चिडवणाऱ्यांशी मी बोलते, असं मी त्यांना सांगितलं. ते नको म्हणाले. गल्लीतल्या पोरांना आपणच समजावू म्हणाले. त्यांनी काय समजावलं ठाऊक नाही, पण चिडवणं थांबलं.

पुढं शनिवारी आम्ही वर्गात छोटं प्रदर्शन मांडलं, तेव्हा ते बायकोला घेऊन आले. कागदी समुद्रघोड्यांच्या टेबलापाशी तिला उभं करून, तिनं मला काही विचारायच्या आत स्वतःच सांगू लागले. ती पदर सावरत, हसू दाबत ऐकत होती. एके ठिकाणी ते चुकले. पिल्लं मोठी झाली तरी बापच त्यांना सांभाळतो, म्हणाले.

मुलानं लगेच अडवलं, “नाय बाबा. बाहेर पडली की ती आपली आपण राहत्यात.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पोराचं बरोबर आहे, असं मी मान हलवून सांगितलं.