तोरणाखालचा सवाल

"पुंजाजी बोले अड-अड-अडकून,
देव गेले गाव सोडून!"

पोळ्याच्या तोरणाखाली पाटलाच्या पुतण्याने ही झडती, म्हणजे पोळ्याचं टिंगलीचं कवन, म्हटली आणि सारं गाव हसलं. पुंजाजी म्हणजे माझा बाप. पाटलाचा सालदार. त्यांचीच बैलजोडी धरून तो तिथे उभा होता.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आम्ही बौद्ध झालो त्यालाही फार वर्षं झाली नव्हती. चाळिशीत अक्षरं शिकलेला माझा बाप चावडीपुढे उभा राहून बोलायचा. अडखळायचा, पण थांबायचा नाही. त्याचा एकच सवाल होता. गावची विहीर त्याच्या बापाने, माझ्या आज्याने खोदली, मग आम्हाला तिचं पाणी का नाही? उत्तर कोणाकडे नव्हतं. झडती होती. तोरणाखाली कोणाचीही टर उडवावी आणि कोणी राग धरू नये, ही इकडची रीत. बाप कासरा धरून खाली बघत राहिला. मला लाज वाटली. त्यांची नाही, बापाची. हे सांगताना आजही जीव तुटतो.

त्यानंतर बाप चारचौघांत बोलला नाही.

पुढच्या पोळ्याला तालुक्याचे एक वकील पाहुणे होते. वर्तमानपत्रात लिहायचे, गावोगाव भाषणं द्यायचे. ज्याचा त्याचा पाणवठा वेगळा, यातच गावाची शांतता, असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हा मॅट्रिकला. यमकं जुळवण्यात पटाईत. मीही तोरणाखाली शिरलो.

"वकील सांगे धरमाच्या गोठी,
कवळी येते ओठाच्या काठी!"

लोक पोट धरून हसले. वकीलही हसले. कवळी सावरत म्हणाले, "हुशार आहे हो पोरगा." मी फुशारून घरी आलो.

बाप आजारी होता. खाटेवरूनच म्हणाला, "माह्या अ-अडखळन्यावर थे हासले. तू त्याच्या दातावर हासला. इहिरीचं कोन बोललं बे?"

विहीर तशीच होती.

त्या हिवाळ्यात बाप गेला. शेवटचा घोट आईने पाजला, तोही ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचा. गढूळ.

पुन्हा पोळा आला. तेच तोरण, खुर्चीवर तेच वकील. मी पुढे झालो. लोक आधीच हसायला लागले.

"म्हण बे झडती!" पाटलाचा पुतण्या ओरडला.

"झडती नाही, सवाल हाय," मी म्हणालो. "इहीर माह्या आज्यानं खोदली. आमाले पानी काऊन नाही?"

कोणी हसलं नाही. वकील रुमालाने तोंड पुसत राहिले. बाप असायला हवा होता.

"आता नसंन सुचत तर सकाळी सांगा," मी म्हणालो. "मी बालटी घेऊन इहिरीवर येतो."

सकाळी मी गेलो.