दोन रेघांचा घोळ

"दोन रेघा आल्यात, मॅडम. आता तुम्हीच विचारा हिला." मुलीच्या आईनं प्रेग्नन्सी टेस्टचं किट ओपीडीतल्या माझ्या टेबलावर आपटलं.

शेजारी एकोणीस वर्षांची मनीषा वाढलेलं पोट ओढणीखाली झाकून बसलेली. कुटुंब मूळचं खानदेशातलं. वडील गलोंड्याच्या कारखान्यात, मुलगी सिल्वासात कॉलेजला. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. "मी काहीच केलं नाही. दहा वेळा सांगून झालं."

खोटं कशाला बोलू, मीही मनात महिने मोजायला लागले होते.

आईला बाहेर बसवून पुन्हा विचारलं. तेच उत्तर, वर एक रागीट नजर. मग सोनोग्राफी केली. गर्भाशय रिकामं! उजव्या बीजांडकोशात, म्हणजे बाईची अंडी जिथं तयार होतात तिथं, नारळाएवढी भरीव गाठ. अशा काही दुर्मीळ गाठी गरोदरपणातलं हार्मोन स्वतःच बनवतात. किट फक्त हार्मोन ओळखतं. ते कुठून आलं हे त्याला काय ठाऊक!

"ट्यूमर आहे," मी आईला सांगितलं. "कॅन्सरचाही असू शकतो. पण बाळ नाही."

"मन्ही पोर खरं बोलनी व्हती!" बाईंनी लेकीला मिठीच मारली. ट्यूमर ऐकून हसणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. मग अर्थ कळला आणि त्यांनी विचारलं, "मंग हिला पोरंबाळं?"

आमचे सीनियर सर म्हणाले, "दोन्ही कोश काढा. सेफ."

"सर, डावा चांगला दिसतोय. या गाठी बहुधा एकाच बाजूला असतात, आणि पसरल्या तरी केमोला दाद देतात."

सरांनी सुरतेच्या कॅन्सर सर्जनना फोन लावला. त्यांनी माझी बाजू घेतली. मला भारी आनंद झाला.

ऑपरेशनात गाठ अखंड निघाली. डावा कोश आणि गर्भाशय जागेवर राहिले. रिपोर्ट आला: डिसजर्मिनोमा, बीजपेशींचा कॅन्सर, पण कोशाबाहेर न गेलेला. केमो नको, फक्त नियमित तपासणी.

तिसऱ्या तपासणीला पाळी नियमित, रक्त नॉर्मल. तरी मनीषाचं तोंड फुगलेलं. "मॅडम, आईनं अजून सॉरी म्हटलं नाही."

"आईनं पोरीला सॉरी म्हणायचं असतं का?" शेजारी बसलेल्या बाईंनी मला विचारलं.

"असतं," मी म्हटलं. "लिहून देऊ का कागदावर?"

भर ओपीडीत बाई म्हणाल्या, "सॉरी, माय." मनीषा रडली, मग त्याही रडल्या.

आता एखादी मुलगी 'नाही' म्हणाली, की मी सरळ सोनोग्राफीचा फॉर्म ओढते. वाद घालण्यापेक्षा तो लवकर भरून होतो.