गोरोबा मास्तर आणि गिरदावराचं ओझं

गोरोबा मास्तरला राग यायला एरवी कारण लागत नसे, पण त्या रविवारी कारण होतं.

चव्वेचाळीस सालचा उन्हाळा. निजाम सरकारचा गिरदावर गावात जमिनी तपासायला आला होता आणि त्याचा बिस्तरा, पेटी, बंदूक दोन कोसांवर सास्तूरला पोचवायची होती. असलं ओझं महारवाड्यानं फुकट वाहायचं, ही पिढ्यानपिढ्यांची वेठ. गोरोबानं बाप्तिस्मा घेऊन बारा वर्षं झाली होती. मिशनच्या शाळेत तो पोरांना अक्षरं गिरवायला लावत होता. पण पाटलाच्या लेखी तो अजून ओझ्याचा माणूसच. प्रार्थना सुटता सुटता पाटलाचा माणूस दारात उभा राहिला. "मास्तर, चावडीवर चला. ओझं हाय."

पाळक शांतलिंग जन्मानं लिंगायत, मोठ्या घरचे. त्यांना आजवर कुणी वेठीला धरलं नव्हतं. त्यांनी गोरोबाला बाजूला घेतलं. "जा की रे. नम्रता हाच आपला दागिना. कुणी एक कोस वेठीला नेलं तर आपण दोन कोस जावं, असं प्रभू सांगून गेलाय."

गोरोबाची कानशिलं तापली. "मग पयला कोस तुमी चला, पाळकसाहेब. दुसरा म्या चालतो."

"गोरोबा! हा गर्व झाला."

"वाका म्हनायचं ते उभ्या मानसाला. आमी जन्माचं आडवं पडलोय, आमाला आनि किती वाकवता? प्रभूनं पाय धुतलं ते सवताच्या मर्जीनं. पाटलाचा मानूस नव्हता आला बोलवायला!"

तो चावडीवर गेला, पण "न्हेनार न्हाय" एवढंच सांगायला. गिरदावराच्या शिपायानं चाबूक ओढला आणि दिवसभर त्याला चावडीच्या खांबाला बांधून ठेवलं. दिवेलागणीला सुटून घरी आला तेव्हा पाठीवर वळ होते, पण मिशीचा पीळ कायम होता. बायको बानूबाई वळांना हळद लावत होती आणि हा सांगत होता, "न्हाय उचललं म्हंजे न्हाय उचललं!"

"मग ते वाऱ्यावर गेलं व्हय सास्तूरला?" बानूबाईनं विचारलं.

"गेलं आसंल कसंबी."

"यल्लप्पाच्या डोईवरनं गेलं. त्याचा गुडघा कसा हाय ठावं हाय न्हवं तुमाला? वाटंत दोनदा पडला म्हनं."

यल्लप्पा म्हणजे मांगवाड्यातला दोर वळणारा म्हातारा. मागं एकदा तो प्रार्थना ऐकायला आला होता. महारवाड्यातले ख्रिस्ती झाले होते खरे, पण मांगाशेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा गोरोबानंच त्याला बाहेर चपलांजवळ जागा दाखवली होती. "यल्ल्या, तितनंबी ऐकू येतं."

"मला कशाला सांगतीस? पाटलाला जाऊन सांग!" गोरोबा खेकसला.

दोन दिवस तो धुमसत होता. पाटलावर, शिपायावर, पाळकावर, बानूबाईवर. आणि या सगळ्यांच्या मागं आणखी एक राग होता, त्याच्याकडं तो बघत नव्हता. तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं तेलाची वाटी उचलली आणि सगळ्यांच्या देखत मांगवाड्याची वाट धरली.

यल्लप्पाचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. गोरोबा खाली बसून तेल चोळायला लागला, तसा म्हातारा अंग चोरू लागला. "मास्तर, ह्ये काय! मला पाप लागंल."

"गप बसा. पाय इकडं करा."

गोरोबाच्या तोंडून 'बसा' ऐकून म्हातारा चमकला.  मग म्हणाला, "तुमी न्हाय म्हनला, ब्येस केलंत. पर तुमचं 'न्हाय' माज्या डोईवर आलं, मास्तर. आन तुमी मला चपलांपाशी बसवलं, त्येबी इसरलो न्हाय म्या."

गोरोबाच्या जिभेवर उत्तर तयार होतं: मी खांबाला बांधलेला होतो, मला काय ठाऊक? उत्तर खोटंही नव्हतं. पण ते त्यानं गिळलं. गिळताना चाबकापेक्षा जास्त त्रास झाला. तो चोळत राहिला. उठताना त्यानं प्यायला पाणी मागितलं. यल्लप्पाच्या सुनेनं आधी सासऱ्याकडं पाहिलं, मग तांब्या दिला आणि गोरोबा घटाघटा प्यायला.

संध्याकाळपर्यंत बोभाटा झाला. महारवाड्यातल्या चार घरांनी त्याच्या हातचं खाणंपिणं सोडलं. पाळक मात्र आनंदून आले. "ही खरी नम्रता, गोरोबा!"

"तुमी ह्येला नम्रता म्हनू नका," गोरोबा कडाडला. "तुमी अजून मांगवाड्यात पाय ठिवला न्हाय!"

दिवाळीनंतर गिरदावर पुन्हा आला. या वेळी गोरोबा आणि यल्लप्पा दोघं मिळून चावडीवर गेले. दोघांनी नाही म्हटलं आणि दोघांनी मार खाल्ला. शेवटी पाटलाला गावातल्या गफार गाडीवानाची बैलगाडी जुंपावी लागली. पाटील शिव्या देत होता आणि गोरोबा सगळ्या गावासमोर त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा होता.

त्यानंतर यल्लप्पा रोज दुपारी शाळेच्या ओसरीवर दोर वळायला येऊन बसे. बाप्तिस्मा त्यानं कधीच घेतला नाही. गोरोबानंही कधी विषय काढला नाही.