बटाट्यातली कात्री

कोल्हापुरातून निघताना विभागप्रमुखांनी बजावलं होतं, "बारा वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरता? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत." मी गाडीत बसलो.

पहाटे वाशीला उतरून थेट घाऊक बाजार गाठला. प्रयोगाला ताजे बटाटे हवे होते. एका माथाडीनं (ओझी वाहणारा कामगार) माझ्या हातातला बटाटा काढून घेतला. "कोल्ड स्टोरेजचा हाय ह्यो. नव्याची साल नुसत्या अंगठ्यानं निघती. भाजीला पायजे?"

"त्याचा श्वास तपासायचाय."

"आता बटाट्याची बी नाडी बघता व्हय, सर!" साताऱ्याकडचा तो माणूस हसला, पण एकेक बटाटा घासून दिला.

बसनं खारघरला पोचलो. तिथल्या कॉलेजात माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली शिकवते. मायटोकॉन्ड्रियात (पेशीत श्वसनाचं काम करणाऱ्या तंतुकणिका) बाहेरून येणाऱ्या बऱ्याच प्रथिनांना पत्त्याच्या चिठ्ठीसारखा तुकडा जोडलेला असतो. आत आल्यावर एक कात्री तो कापते. प्राण्यांत ही कात्री आतल्या द्रवात सुटी असते. बटाट्यात मात्र ती पटलातल्या, म्हणजे आतल्या पडद्यातल्या, श्वसनयंत्रणेतच बसवलेली आहे, असं वैशालीला दिसलं होतं. पटल नीट धुतलेलं नाही, द्रवातलीच कात्री त्याला चिकटली असेल, म्हणून मी तिच्या अहवालावर 'निष्काळजी काम' असा शेरा मारला. तिची शिष्यवृत्ती गेली. इतरांनी हेच आधी छापलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं; यंदा वाचलं.

माझ्या माफीच्या पत्राला तिनं एवढंच उत्तर दिलं, "पत्र नको, सर. माझ्या वर्गातल्या मुलांसमोर तोच प्रयोग स्वतःच्या हातानं करा."

थंड खोलीत बटाटे वाटताना बोटं बधिर झाली, एक नळी फुटली. पटल तीनदा धुवायचं असतं. मी सहाव्यांदा धुवायला घेतलं.

"बास की सर!" वैशाली म्हणाली. "कुणाची भीती वाटतेय?"

"बारा वर्षांपूर्वीच्या स्वतःची."

मग आतल्या द्रवात आणि पटलात चिठ्ठीवालं प्रथिन वेगवेगळं मिसळलं. चिठ्ठी कापली गेली की प्रथिन लहान होतं आणि जेलमध्ये, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरात, जास्त खाली सरकतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर द्रवाच्या रांगेत प्रथिनाचा पट्टा वरच होता. सहा वेळा धुतलेल्या पटलाच्या रांगेत तो खाली उतरला होता.

"मॅडम बरोबर होत्या," मी मुलांना सांगितलं. "निष्काळजी मी होतो." जेलचा फोटो वैशालीनं माझ्या हातात दिला.

परतीच्या गाडीत प्रमुखांचा फोन आला. "झालं समाधान? आता गप्प राहा."

"नाही. उद्या तो शेरा माझ्या सहीनं खोडणार. शेजारी फोटो चिकटवणार."

"आणि विभागाची अब्रू?"

"शेरा मारताना मी तिचा विचार केला नव्हता."

मी फोन ठेवला. शिष्यवृत्ती परत येणार नाही, वैशालीची ती वर्षंही नाहीत. म्हणून शेरा खोडताना एकच रेघ मारणार आहे. खालची अक्षरं आणि माझी जुनी सही वाचता आलीच पाहिजे.